एकट्याने गेम तयार करणाऱ्याने इंजिन कोणत्या निकषावर निवडावे?

जुळारी

नमस्कार. नोकरी सांभाळून मी एक गेम तयार करत आहे आणि इंजिनाच्या, म्हणजे ज्यावर गेम उभा करायचा त्या तयार सॉफ्टवेअरच्या, निवडीपाशी थांबले आहे. गेमचा विषय १९६० च्या दशकातला, तालुक्याच्या गावातला एक छापखाना आहे. खेळणारा तिथे जुळारी असतो. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके, स्थानिक साप्ताहिकाचा अंक अशी कामे त्याच्याकडे येतात, त्यांचे खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरे) त्याने जुळवायचे असतात, आणि तो काय छापतो व काय छापायला नकार देतो यावर गावातली माणसे त्याच्याशी पुढे कशी वागतील हे ठरते. गेम पूर्णपणे द्विमितीय आहे, हालचाल थोडी आणि मजकूर भरपूर आहे. तो आधी मराठीत निघावा आणि मग इंग्रजीत, याबद्दल मी ठाम आहे.

माझ्याकडे आठ जीबी रॅमचा, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप आहे. कामामुळे सी शार्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा चांगली येते. गेम प्रथम विंडोजसाठी स्टीम या गेमविक्रीच्या ऑनलाइन दुकानात आणायचा आहे, जमल्यास पुढे अँड्रॉइडवर. यूनिटी, गोडो, अनरिअल आणि गेममेकर ही चार नावे डोळ्यांसमोर आहेत. वाचायला मिळणाऱ्या बहुतेक तुलना त्रिमितीय दृश्यांच्या दर्जाभोवती फिरतात आणि माझ्या गेमला त्यांचा फारसा उपयोग नाही. ज्यांनी एखादा गेम शेवटपर्यंत नेला आहे, त्यांनी इंजिन निवडताना कोणता प्रश्न सर्वांत आधी विचारला, हे मला जाणून घ्यायचे आहे.

मोहोर

माझ्या मते पहिला प्रश्न परवान्याचा आहे. गेम अर्ध्यावर आल्यानंतर इंजिन बदलणे म्हणजे जवळजवळ सगळे पुन्हा लिहिणे असते, त्यामुळे आपण ज्या कराराखाली काम सुरू करतो त्याच कराराखाली बहुधा ते संपवतो.

१२ सप्टेंबर २०२३ रोजी यूनिटीने 'रनटाइम फी' जाहीर केली. १ जानेवारी २०२४ पासून, ठरावीक मर्यादा ओलांडलेल्या गेमच्या प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे पैसे आकारले जाणार होते. पर्सनल परवान्यासाठी ही मर्यादा बारा महिन्यांत २ लाख डॉलर उत्पन्न आणि एकूण २ लाख इन्स्टॉल अशी होती आणि त्यापुढचा दर इन्स्टॉलमागे २० सेंट होता. स्वस्तात विकल्या जाणाऱ्या किंवा मोफत खेळायला देऊन जाहिरातींवर चालणाऱ्या गेमचे गणित त्यामुळे पार कोलमडले असते. याहून गंभीर गोष्ट अशी की, आधीच बाजारात असलेल्या गेमनाही ही आकारणी लागू होणार होती. जगभरातून विरोध झाल्यावर २२ सप्टेंबरला कंपनीने माफी मागून अटी सौम्य केल्या, ऑक्टोबरमध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी जॉन रिचिटेलो पायउतार झाले, आणि बरोबर एका वर्षाने, १२ सप्टेंबर २०२४ रोजी, ती फी पूर्णपणे रद्द करण्यात आली.

त्याच काळात 'टेरारिया' हा गेम करणाऱ्या री-लॉजिकने गोडो आणि एफएनए या दोन मुक्तस्रोत प्रकल्पांना प्रत्येकी १ लाख डॉलर दिले. गोडोला एमआयटी परवाना आहे. त्यात रॉयल्टी नाही, उत्पन्नाची मर्यादा नाही, आणि आज उतरवून घेतलेली आवृत्ती त्याच अटींवर कायम वापरता येते. एकट्या माणसाकडे वकील नसतो. म्हणून ज्या करारात बदलण्यासारखे काही उरलेलेच नाही, तो मला सर्वांत सुरक्षित वाटतो.

उंबरठा

मोहोर यांनी दिलेला घटनाक्रम बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. फी रद्द झाली, हीही वस्तुस्थितीच आहे. वार्षिक उत्पन्न आणि मिळालेला निधी २ लाख डॉलरच्या आत असेल तर यूनिटी पर्सनल आज विनामूल्य आहे. ही मर्यादा पूर्वी १ लाख डॉलर होती. यूनिटी ६ पासून सुरुवातीला इंजिनाचे बोधचिन्ह दाखवण्याची सक्तीही राहिलेली नाही. २ लाख डॉलर म्हणजे दीड कोटीहून अधिक रुपये. पहिला गेम करणाऱ्याने या मर्यादेची काळजी आधी करावी, असे मला वाटत नाही.

धागाकर्तीला सी शार्प येते, हा मोठा मुद्दा आहे. 'हॉलो नाइट' आणि 'कपहेड' हे लहान चमूंनी केलेले द्विमितीय गेम यूनिटीतच झाले आहेत. रात्री दहानंतर कामाला बसल्यावर एखादी अडचण आली, तर तिचे उत्तर कोणीतरी आधीच लिहून ठेवलेले सापडण्याची शक्यता यूनिटीत सर्वाधिक आहे. एकट्या माणसासाठी हे मोलाचे आहे, कारण शेजारच्या टेबलावर विचारायला कोणी नसते.

मोहोर

उंबरठा, मर्यादा किती मोठी आहे हा माझा मुद्दा नव्हता. प्रकाशित झालेल्या गेमच्या अटी नंतर बदलता येतात असे एखाद्या कंपनीला एकदा वाटले, हा माझा मुद्दा आहे. उत्तरे सहज सापडतात, हे तुमचे म्हणणे मात्र मला पूर्णपणे मान्य आहे.

रफार

या चर्चेत अजून कोणी मजकुराच्या मांडणीकडे वळलेले नाही आणि या गेमसाठी तोच निर्णायक भाग आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

युनिकोडमध्ये 'कि' साठवताना आधी क येतो आणि मग ऱ्हस्व वेलांटी येते, पण पडद्यावर वेलांटी क च्या आधी काढावी लागते. 'कर्म' लिहिताना र हा म च्या आधी साठवला जातो आणि दिसताना त्याचा रफार होऊन म च्या डोक्यावर बसतो. 'क्ष', 'द्ध', 'ष्ट्य' यांसाठी फॉन्टमधली वेगळीच आकृती निवडावी लागते. हे काम फॉन्ट एकट्याने करत नाही. अक्षरांची साठवण वाचून आकृत्यांचा क्रम आणि जागा ठरवणारा घटक इंजिनात असावा लागतो. हार्फबझ ही मुक्तस्रोत लायब्ररी हे काम उत्तम करते आणि अनेक ब्राउझर व कार्यप्रणाली तीच वापरतात.

आता इंजिनांकडे पाहू. गोडो ४.० मध्ये (मार्च २०२३) मजकुराची यंत्रणा नव्याने लिहिली गेली. तिच्या मुळाशी हार्फबझ आणि आयसीयू ही युनिकोडचे नियम सांभाळणारी लायब्ररी आहेत, त्यामुळे देवनागरी कोणत्याही जोडणीशिवाय बरोबर दिसते. गोडो ३ मध्ये ही सोय नव्हती, म्हणून जुन्या चर्चा वाचून मत बनवू नये. अनरिअलमध्येही हार्फबझ आहे. यूनिटीत सर्वत्र वापरला जाणारा टेक्स्टमेशप्रो हा घटक देवनागरीसाठी लागणारी अक्षरांची फेरमांडणी करत नाही. वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे पाय मोडलेली दिसतात. त्यावर लोकांनी आपापले उपाय काढले आहेत, पण त्यांची देखभाल आपल्याकडेच येते. यूनिटी ६ मध्ये यूआय टूलकिटसाठी हार्फबझवर आधारलेला नवा ॲडव्हान्स्ड टेक्स्ट जनरेटर आला आहे. यूनिटीच निवडायचे असेल, तर गेमचा सगळा मजकूर त्याच मार्गाने दाखवता येतो का, हे आधी तपासून घ्यावे.

तपासणीसाठी मी नेहमी हे शब्द वापरते: निर्मिती, शुद्धिपत्र, वैशिष्ट्य, तऱ्हा, दऱ्या, ऱ्हास, ज्ञानेश्वरी, श्रद्धा, कीर्ती. कोणत्याही इंजिनात रिकामा प्रकल्प उघडून हे शब्द एका लेबलमध्ये चिकटवावेत आणि एडिटरमध्ये दिसले म्हणून न थांबता प्रत्यक्ष बिल्ड (गेमची स्वतंत्र चालणारी प्रत) काढून फोनवरही पाहावेत.

आणखी एक बारकावा छापखान्याच्या गेमसाठी विशेष महत्त्वाचा आहे. काही देवनागरी फॉन्टांमध्ये ल आणि श यांची मराठी वळणे वेगळी दिलेली असतात. मजकुराची भाषा मराठी आहे हे इंजिनाने कळवले, तरच ती पडद्यावर येतात. गोडोच्या लेबलमध्ये मजकुराची भाषा नोंदवण्याची सोय आहे. १९६० च्या दशकातले मराठी साप्ताहिक हिंदी वळणाच्या ल-श मध्ये छापलेले दिसले, तर जाणकार वाचकाला ते लगेच खटकेल.

सांजवारा

रफार यांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. फॉन्टांबद्दल एक भर घालतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याखाली आहेत आणि गेममध्ये समाविष्ट करून विकायला त्यांची आडकाठी नाही. आपल्या संगणकात आधीपासून असलेला फॉन्ट गेमसोबत वाटण्यापूर्वी त्याचा परवाना वाचणे मात्र आवश्यक आहे.

कातळ

अनरिअलबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम २०२० मध्ये आला, तो अनरिअल इंजिन ४ मध्ये केलेला आहे. लहान चमूने अनरिअलमध्ये देखणे काम करता येते, याचे ते घरचे उदाहरण आहे. पैशांच्या दृष्टीनेही त्याच्या अटी नवख्याला जड नाहीत. एका गेमच्या आयुष्यभराच्या पहिल्या १० लाख डॉलर उत्पन्नावर रॉयल्टी नाही, त्यापुढे ५ टक्के आहे.

परंतु धागाकर्तीच्या लॅपटॉपवर मी अनरिअल सुचवणार नाही. त्याची स्थापनाच कित्येक जीबी जागा घेते, शेडर (दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होताना सगळी यंत्रणा अडून राहते, आणि सी प्लस प्लसमधला छोटा बदल तपासायलाही थांबावे लागते. नॅनाइट आणि लुमेन ही बारीक तपशिलाची त्रिमितीय दृश्ये व प्रकाश दाखवणारी तंत्रे त्याची खरी बलस्थाने आहेत आणि खिळ्यांच्या पेट्या व छापील कागद दाखवणाऱ्या द्विमितीय गेमला त्यांची गरज नाही. उलट गोडोचा एडिटर ही एकच आटोपशीर फाइल असते आणि त्याचा 'कम्पॅटिबिलिटी' रेंडरर जुन्या ग्राफिक्सवरही नीट चालतो. एकट्याच्या कामात दिवसाला मिळणारे दोन तास वाट पाहण्यात जाऊ नयेत, हा निकष मी परवान्याच्याही आधी ठेवीन.

पाणवठा

मजकूर एवढा असेल तर रेनपायचा विचार का नको? संवाद, पर्याय आणि जतन केलेले टप्पे यांसाठीच ते घडवलेले आहे, पायथनवर आधारलेले आणि मुक्तस्रोत आहे, आणि २०१७ मधला गाजलेला 'डोकी डोकी लिटरेचर क्लब' त्यातच झाला.

जुळारी

पाणवठा, रेनपाय मी पाहिले होते. संवादांच्या भागासाठी ते अगदी योग्य ठरेल, पण खिळे उचलून ओळीत बसवणे, ओळ घट्ट करणे, चुकीचा खिळा काढून दुसरा लावणे हा गेमचा अर्धा भाग आहे. तो तिथे ओढूनताणून बसवावा लागेल असे वाटते. रफार यांचे शब्द मी आजच तपासून पाहते.

पाणवठा

मग संवाद 'इंक' या कथालेखनाच्या स्क्रिप्ट-भाषेत लिहावेत, असे सुचवेन. इंकल या ब्रिटिश स्टुडिओने ती स्वतःच्या कथाप्रधान गेमसाठी केली आणि २०१६ मध्ये मुक्तस्रोत केली. यूनिटीसाठी तिची अधिकृत जोडणी आहे आणि गोडोसाठी समुदायाने केलेल्या जोडण्या आहेत. कथा इंजिनाबाहेर साध्या मजकूर फाइलींत राहते, हा तिचा सर्वांत मोठा फायदा आहे. पुढे इंजिन बदलावे लागले, तरी लिहिलेली कथा आणि तिच्या शाखा हातात राहतात. मोहोर यांना परवान्याची जी चिंता आहे, तिच्यावर हाही एक उपाय आहे.

अंतरपाट

इंजिनच हवे का, हाही प्रश्न विचारावा. 'स्टारड्यू व्हॅली' एरिक बॅरोन यांनी एकट्याने मायक्रोसॉफ्टच्या एक्सएनए या गेम लिहिण्याच्या चौकटीवर केला. मायक्रोसॉफ्टने एक्सएनएचा विकास थांबवला, तरी त्याच रचनेचे मुक्तस्रोत मोनोगेम उपलब्ध होते आणि गेम पुढे त्यावर नेता आला. २०२४ मध्ये आलेला 'बलाट्रो' लव्ह या छोट्या चौकटीवर, लुआ भाषेत लिहिलेला आहे. ज्यांना सी शार्प चांगली येते, त्यांच्यासाठी मोनोगेम ही परिचित भूमी आहे. चित्र काढणे, आवाज वाजवणे आणि कळफलक-माउस वाचणे एवढेच ते देते, बाकी रचना आपली असते. कोड लिहून विचार करणाऱ्या माणसाला यात मोकळेपणा मिळतो.

रफार

अंतरपाट, इथेही मजकुराचाच प्रश्न आडवा येतो. मोनोगेमची नेहमीची स्प्राइटफॉन्ट पद्धत प्रत्येक अक्षराचे आधीच तयार केलेले चित्र एकापुढे एक ठेवते. देवनागरीसाठी हार्फबझ आपल्यालाच जोडावे लागेल, ओळी तोडण्याचे नियम लिहावे लागतील. हे अशक्य नाही, पण एकट्या व्यक्तीचे काही महिने त्यात जातील आणि ते महिने गेमच्या वाट्याचे असतील.

अंतरपाट

मान्य आहे. इंग्रजीत निघणाऱ्या गेमसाठी माझे मत कायम आहे, या गेमसाठी ते मागे घेतो.

वेशीपाशी

गेममेकरचे नाव यादीत आहे म्हणून थोडक्यात लिहिते. 'अंडरटेल' आणि 'हॉटलाइन मायामी' त्यात झाले आहेत आणि द्विमितीय कामाचा वेग त्यात उत्तम आहे. नोव्हेंबर २०२३ पासून अव्यावसायिक वापरासाठी ते विनामूल्य आहे आणि विक्रीसाठी एकदाच सुमारे १०० डॉलर भरावे लागतात. माझा त्याच्यावर जीव आहे, तरीही देवनागरीसाठी मी ते सुचवणार नाही. रफार यांनी सांगितलेली फेरमांडणी तिथे आपोआप होत नाही.

उंबरठा

रफार यांच्या माहितीनंतर माझी यूनिटीची शिफारस पूर्वीइतकी ठाम राहिलेली नाही. कन्सोलचा मुद्दा मात्र नोंदवतो. गोडो मुक्तस्रोत असल्यामुळे निन्टेन्डो, सोनी यांच्या गोपनीय अटींखालचा कोड त्यात ठेवता येत नाही, म्हणून कन्सोलसाठी थेट एक्सपोर्ट त्यात नाही. 'ब्रोटाटो' आणि 'कॅसेट बीस्ट्स' हे गोडोतले गेम निन्टेन्डो स्विचवर पोहोचले आहेत, पण त्यासाठी रूपांतर करून देणाऱ्यांची मदत लागते आणि तिचा खर्च येतो. निवांत, वाचत खेळायच्या गेमना स्विचवर चांगला वाचक मिळतो, हे लक्षात घेऊन आजच विचार करून ठेवावा.

कातळ

पैशांचा विषय निघालाच आहे, तर इंजिनाबाहेरचा खर्चही मांडतो. स्टीमवर प्रत्येक गेमसाठी १०० डॉलर भरावे लागतात, गेमने १००० डॉलरचे उत्पन्न गाठल्यावर ते परत मिळतात, आणि विक्रीचा ३० टक्के वाटा सुरुवातीला स्टीम घेते. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथली करकपात होते, म्हणून भारत-अमेरिका करारानुसार सवलतीचा दर मिळावा यासाठी डब्ल्यू-८बेन हा फॉर्म सुरुवातीलाच नीट भरावा. गूगल प्लेवर नोंदणीचे २५ डॉलर एकदाच भरावे लागतात. या रकमांपुढे विनामूल्य इंजिनांच्या परवान्यांमधला फरक आपल्या टप्प्यावर छोटा आहे. खरा मोठा खर्च चित्रे, आवाज आणि आपला वेळ यांचा असतो.

जुळारी

सर्वांचे मनापासून आभार. रफार यांचे शब्द गोडो ४ आणि यूनिटी ६ या दोन्हींत तपासले. गोडोत ते विंडोजच्या बिल्डमध्ये आणि अँड्रॉइड फोनवर जसेच्या तसे दिसले. यूनिटीत टेक्स्टमेशप्रोमध्ये 'निर्मिती' वाचताच येईना. नव्या यंत्रणेचा मार्ग मोकळा आहे, पण मला खिळ्यांचा भाग आणि संवादांचा भाग एकाच पद्धतीने दाखवायचे आहेत, म्हणून मी गोडोकडे झुकले आहे.

दोन प्रश्न उरतात. पहिला म्हणजे मी सी शार्पच वापरावी की जीडीस्क्रिप्ट ही गोडोची स्वतःची भाषा शिकावी? दुसरा असा की, संवाद एकेक अक्षर उमटत जावेत अशी माझी कल्पना आहे. तशी चाचणी घेताना आधी 'क' दिसतो आणि मग त्याच्या डावीकडे वेलांटी येऊन तो सरकतो, त्यामुळे ओळ थरथरल्यासारखी दिसते. याला उपाय आहे का?

वेशीपाशी

पहिल्या प्रश्नापुरते सांगते. गेमचा छोटा नमुना ब्राउझरमध्ये खेळायला देण्याचा विचार असेल, तर जीडीस्क्रिप्ट घ्यावी. गोडो ४ च्या आजवरच्या अधिकृत आवृत्त्यांत सी शार्पने लिहिलेला प्रकल्प वेबसाठी एक्सपोर्ट होत नाही आणि अँड्रॉइडसाठीची तिची सोयही प्रायोगिक म्हणूनच नोंदवलेली आहे. जीडीस्क्रिप्टच्या वेब बिल्डमध्ये ४.३ पासून (ऑगस्ट २०२४) थ्रेडविना चालणारा पर्याय आहे, त्यामुळे इच डॉट आयओ या गेमच्या संकेतस्थळावर नमुना ठेवणे बरेच सोपे झाले आहे. मराठी वाचकांपैकी अनेक जण स्टीम वापरत नाहीत, त्यांना दुवा पाठवला की लगेच खेळता येईल. सी शार्प येणाऱ्याला जीडीस्क्रिप्टची रचना समजायला फार वेळ लागत नाही, आणि स्थिर प्रकार लिहिण्याची सवय तिथेही ठेवता येते.

रफार

दुसऱ्या प्रश्नाला उपाय आहे. लेबल आणि रिचटेक्स्टलेबल या दोन्हींत 'व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियर' नावाचा गुणधर्म असतो. मुळात तो 'कॅरेक्टर्स बिफोर शेपिंग' असा लावलेला असतो, म्हणजे मजकूर आधी कापला जातो आणि उरलेल्या तुकड्याची जुळणी नंतर होते. तुमची ओळ त्यामुळेच थरथरते. तो बदलून 'कॅरेक्टर्स आफ्टर शेपिंग' करावा, म्हणजे संपूर्ण ओळीची जुळणी आणि मांडणी आधी होईल आणि तिचे भाग आपापल्या ठरलेल्या जागी प्रकट होत जातील. ओळी तुटण्याची जागाही मग मध्येच बदलणार नाही. उमटण्याचा वेग कोडबिंदूंवर (युनिकोडमधल्या एकेका सुट्या चिन्हावर) मोजला, तर 'वैशिष्ट्य'सारख्या शब्दाला जास्त वेळ लागतो आणि 'घर'ला कमी, म्हणून वेग अक्षरगटांवर मोजावा, म्हणजे वाचताना लय एकसारखी राहते.